रस्ता एक, आदेशाच्या वेळा दोन: ईटन वणव्यातील पश्चिम अल्टाडीना

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या लॉस एंजेलिस काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अल्टाडीना या वस्तीच्या मधून लेक अव्हेन्यू नावाचा रस्ता डोंगरापासून दक्षिणेला पॅसाडीनाकडे उतरतो. ७ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी ६:१८ ला वस्तीच्या पूर्वेच्या ईटन कॅन्यन या घळीत आग लागल्याची पहिली नोंद झाली. लेक अव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या लोकांना सव्वा तासाच्या आसपास घरे सोडण्याचा आदेश मिळाला. पश्चिमेकडच्यांना तोच आदेश मिळाला ८ तारखेच्या पहाटे ३:२५ ला. या वणव्यात १९ माणसे गेली, त्यांतली १८ रस्त्याच्या पश्चिमेकडची होती.

या प्रकरणाविषयी बहुतेक चर्चा ‘आदेश उशिरा का निघाला’ इथेच थांबते. तो प्रश्न इथेही येईल, पण भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. आदेश येईपर्यंतच्या नऊ तासांत पश्चिमेकडच्या घरांत काय काय कळत होते, ते कुठून कळत होते आणि त्याचा अर्थ लोकांनी काय लावला? माणसांची नावे, घरे आणि गल्ल्या गाळल्या आहेत. रहिवाशांचे वर्तन गटागटाने मांडले आहे.

## पार्श्वभूमी

अल्टाडीनाची लोकसंख्या सुमारे ४२ हजार. पण हे शहर नव्हे. त्याला स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही, पोलीस नाहीत. अग्निशमन, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), आपत्ती व्यवस्थापन हे सगळे काउंटीचे, आणि ही काउंटी सुमारे एक कोटी लोकांची. संकटाच्या रात्री ‘आमच्या गावासाठी काय?’ हे विचारायला जवळ कोणी नसते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला अनेक दशकांपासून कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती आहे. एकेकाळी बँका आणि घरदलाल त्यांना इतरत्र घरे घेऊ देत नसत, इथे घेता आली. त्यामुळे कर्ज फिटलेली, आजी-आजोबांच्या नावावरची घरे बरीच. ज्येष्ठ मंडळी एकटी किंवा आजारी मुलाबाळांसह राहणारी.

हवामानाचा अंदाज चुकला नव्हता. लॉस एंजेलिसच्या मध्यभागी मे महिन्यापासून जेमतेम ४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे सांता आना वारे त्या रात्री डोंगरमाथ्यावर ताशी १३० ते १६० किलोमीटरचे झोत घेणार, असे राष्ट्रीय हवामान सेवेने आधीच सांगितले होते आणि ‘विशेष धोकादायक परिस्थिती’ ही क्वचित वापरली जाणारी शब्दयोजना वापरली होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या पॅलिसेड्समध्ये मोठी आग लागली. संध्याकाळ होईतो बंब, माणसे आणि टीव्हीचे कॅमेरे तिकडेच होते.

लोकांच्या डोक्यात आगीचे एक जुने चित्रही होते. १९९३ चा किनेलोआ वणवा आणि २०२० चा बॉबकॅट वणवा पाहिलेल्यांचा अनुभव असा, की आग डोंगरात असते, फार तर डोंगराला चिकटलेल्या घरांना लागते, खालच्या चौकोनी गल्ल्यांत उतरत नाही. राज्याच्या वणवा-धोका नकाशातही खालच्या गल्ल्यांचा बराचसा भाग ‘अति धोक्या’च्या पट्ट्याबाहेर होता. (सह्याद्रीतला वणवा पाहिलेल्या आपल्या वाचकाचे चित्रही साधारण असेच असते: उन्हाळ्यात डोंगरउतारावर गवताची लाल रेघ सरकते आणि गाव खालून बघत असते.) तुफानी वाऱ्यात आगीची रेघ राहतच नाही. पेटती साल, पाने, छपराचे तुकडे एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन पडतात. छपराखालच्या वायुवीजनाच्या जाळीतून आत शिरलेली ठिणगी माळ्यावर धुमसते आणि घर आतून पेटते. एक घर पेटले की पुढच्या ठिणग्या त्या घराच्याच असतात, मग जंगल जवळ असण्याची गरज उरत नाही.

## आदेश निघतो कसा

कॅलिफोर्नियात दोन पायऱ्या आहेत. पहिली ‘स्थलांतराचा इशारा’: धोका येऊ शकतो, तयार राहा, आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनी, म्हणजे वृद्ध, अपंग, लहान मुले किंवा जनावरे असलेल्यांनी आत्ताच निघा. दुसरी ‘स्थलांतराचा आदेश’: जिवाला धोका आहे, सगळ्यांनी आत्ता निघा, आणि हा भाग आता बाहेरच्यांसाठी बंद.

त्या रात्रीची साखळी तीन खात्यांची होती. कोणता पट्टा रिकामा करायचा हे अग्निशमन दल सुचवते, आदेश शेरीफ देतो, आणि फोनवर संदेश पाठवणे हे आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाचे काम. सगळा भाग आधीच नकाशावर तुकड्यांत आखलेला असतो. तुकडा निवडायचा, मजकूर भरायचा, पाठवायचा. निर्णयापासून फोन वाजेपर्यंत सगळे सुरळीत चालले तर २० ते ३० मिनिटे. काउंटीची संदेशप्रणाली नुकतीच बदललेली होती आणि ती चालवणाऱ्यांचा हात अजून बसला नव्हता.

पाठवलेला संदेश दोन वाटांनी जातो. एक, ज्यांनी आधी नाव नोंदवले आहे त्यांना एसएमएस, ईमेल किंवा फोन. दोन, त्या भागातल्या मोबाइल मनोऱ्यांवरून सगळ्या हँडसेटना एकाच वेळी जाणारा आणीबाणीचा संदेश. यासाठी नोंदणी लागत नाही, मजकूर ३६० अक्षरांपर्यंत, आणि फोन कर्कश वाजतो. २०२३ मध्ये भारतात चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, तोच हा प्रकार. दोन्ही वाटांना एकच अट: फोन चालू हवा आणि मनोरा जिवंत हवा.

## प्रश्न नेमका कोणता

पूर्वेकडे आदेश गेला, त्याबरोबर नकाशा प्रसिद्ध झाला. नकाशावर पूर्व बाजू रंगवलेली, पश्चिम बाजू पांढरी. फोनवर तो नकाशा उघडणाऱ्या पश्चिमेकडच्या माणसाने काय वाचले? ‘तुमच्याबद्दल अजून कोणी विचार केलेला नाही’ असे नाही. त्याने वाचले, ‘विचार केला आहे आणि तुम्ही सुरक्षित आहात.’

हाच या प्रकरणाचा गाभा. प्रशासनाच्या लेखी पांढरा भाग म्हणजे निर्णय न झालेला भाग, रहिवाशाच्या लेखी ती हमी. पूर्वेकडे आदेश नसता, तर कदाचित पश्चिमेकडचे जास्त लोक स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून निघाले असते. अर्धवट आखलेल्या नकाशाने त्यांना थांबायला कारण दिले.

## पश्चिमेकडच्या घरात काय पोचत होते

आपत्तीच्या अभ्यासकांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे: धोक्याची पहिली खूण मिळताच माणूस पळत नाही. तो आधी खातरजमा करतो. खिडकीतून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, मुलीला फोन लावतो, टीव्ही लावतो. यात मिनिटे जातात, कधी तासही. हा हटवादीपणा नव्हे, शहाण्या माणसाची ती सवयच आहे. प्रश्न एवढाच, की खातरजमा करायला गेलेल्याला काय सापडते.

त्या रात्री सापडत होते ते असे.

डोळ्यांना: पूर्वेला नारिंगी उजेड. पण वारा पूर्व-ईशान्येकडून, त्यामुळे धूर कधी दाट, कधी नाहीसा. उजेड पाहून अंतर कळत नाही. दोन किलोमीटरवरची आग आणि पाच किलोमीटरवरची आग रात्री सारखीच दिसते.

वीज: अनेक घरांत गेलेली. वीज गेली की घरचे वायफाय गेले, वायफायबरोबर इंटरनेटवरचा ‘लँडलाइन’ गेला, टीव्ही गेला. उरला मोबाइल, त्याची बॅटरी आणि ओढाताणीत सापडलेला मनोरा.

टीव्ही आणि रेडिओ: ज्यांच्याकडे चालू होते त्यांना मुख्यतः पॅलिसेड्स दिसत होते.

ॲप: ‘वॉच ड्यूटी’ हे ना-नफा संस्थेचे ॲप. त्यात स्वयंसेवक अग्निशमन दलाचा रेडिओ ऐकून आगीची हालचाल नकाशावर टाकतात. ज्यांच्याकडे ते होते त्यांना सरकारी संदेशाच्या आधी आगीची दिशा कळत होती. पण स्थलांतराचे पट्टे तेही सरकारी घोषणेवरूनच रंगवते. म्हणजे पांढरा भाग तिथेही पांढराच.

स्थानिक माणूस: अल्टाडीनातला एक तरुण हवामान अभ्यासक फेसबुकवर गावापुरता हवामानाचा गट चालवत असे. त्याने आठवडाभर आधीपासून वाऱ्याबद्दल सांगितले होते आणि आग दिसताच ‘आदेशाची वाट बघू नका, निघा’ असे स्पष्ट म्हटले. त्याच्या सांगण्यावरून निघालेल्यांची संख्या लक्षणीय होती. त्याचे वजन त्याच्या हुद्द्यात नव्हते. तो गावातल्या गल्लीचे नाव घेऊन बोलत असे आणि त्याचे आधीचे अंदाज लोकांनी पडताळलेले होते.

शेजारी आणि नातेवाईक: पश्चिमेकडे प्रत्यक्षात सर्वांत जास्त काम याच वाटेने झाले. दारावर थाप, फोन, ‘आम्ही निघतोय, तुम्ही?’

शेरीफच्या गाड्या: भोंगा आणि दारोदार फिरणे. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात, दुहेरी काचांच्या खिडक्यांआड झोपलेल्याला भोंग्यातले शब्द कळत नाहीत. राज्याने २०२० मध्ये फक्त स्थलांतरासाठी चढ-उताराच्या वेगळ्या सायरनला मान्यता दिली, ती याच कारणाने: शब्द न कळले तरी अर्थ कळावा. पण हा सायरन स्थलांतराचा आहे हे आधी माहीत असलेल्यालाच तो उपयोगी पडतो.

## समोर असलेले पर्याय

प्रशासनासमोर ढोबळपणे तीन वाटा होत्या.

आग जिथे पोचल्याची खात्री होईल तो तुकडा रिकामा करायचा, मग पुढचा. नेहमीची पद्धत. रस्ते मोकळे राहतात, निवाऱ्यांवर एकदम ताण येत नाही. पण तिला आग कुठे आहे हे कळणे आवश्यक आहे. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर आणि विमाने संध्याकाळी सातच्या आतच खाली उतरवावी लागली होती. वरून बघणारा डोळाच बंद. अशा रात्री ‘खात्री झाल्यावर’ म्हणजे घरे पेटल्यावर.

दुसरी वाट, वाऱ्याच्या दिशेचा अख्खा पायथा एकदम रिकामा करायचा, पश्चिमेला शेजारच्या ला कान्याडा गावापर्यंत. नुकसान उघड आहे: हजारो गाड्या एकाच वेळी खाली फूटहिल फ्रीवेकडे. त्याच दिवशी पॅलिसेड्समध्ये लोकांनी अडकलेल्या गाड्या रस्त्यात सोडून पळ काढला होता आणि बंबांना वाट करून देण्यासाठी त्या बुलडोझरने बाजूला साराव्या लागल्या होत्या. हे दृश्य प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर असणार. तरी अल्टाडीना वेगळे आहे: तिथे एकच वळणावळणाचा घाट नाही, दक्षिणेला उतरणारे अनेक सरळ रस्ते आहेत.

तिसरी वाट स्वस्त होती आणि तीच हुकली: पश्चिमेला आदेश नाही तर निदान इशारा. इशाऱ्याने रस्ते तुंबत नाहीत, कारण सगळे निघत नाहीत. निघतात ते ज्यांना वेळ लागतो ते. शिवाय नकाशावर पांढऱ्याऐवजी पिवळा रंग येतो आणि ‘तुम्ही सुरक्षित आहात’ हा चुकीचा अर्थ निघत नाही. संध्याकाळी आठ-नऊला, लोक जागे असताना, मनोरे बऱ्यापैकी चालू असताना हे करता आले असते. पश्चिम अल्टाडीनाला आदेशापूर्वी इशारा मिळालाच नाही.

रहिवाशांच्या वाटा याहून सरळ होत्या: वीज गेली तेव्हाच निघणे, सामान गाडीत भरून जागे राहणे, घरातल्या म्हाताऱ्यांना आधी पाठवणे, आदेशाची वाट बघत झोपणे, किंवा नळी घेऊन घर वाचवायला थांबणे. नळीचा पर्याय लवकरच निकामी झाला. अल्टाडीनाचे पाणी काही भागांत छोट्या खाजगी पाणी कंपन्यांच्या टाक्यांतून येते. शेकडो नळ, फुटलेल्या जोडण्या आणि बंब एकदम चालू झाल्यावर दाब उरला नाही.

## रात्र कशी सरकली

संध्याकाळी सात ते दहा. पूर्वेकडची घरे रिकामी होत होती. लेक अव्हेन्यूवरून खाली जाणाऱ्या दिव्यांची रांग पश्चिमेकडच्यांना दिसत होती. काही जण ती बघूनच निघाले. यांत जास्त करून गाडी असलेले, लहान मुले असलेले आणि खाली पॅसाडीनाकडे नातेवाईक असलेले. ज्यांना जायला ठिकाण होते ते लवकर गेले. हे सगळ्या वणव्यांत दिसते: ‘कुठे जायचे’ ठरलेले असले की ‘जायचे का’ हा प्रश्न लवकर सुटतो.

उरलेल्यांनी पिशव्या भरल्या, कागदपत्रे दाराशी ठेवली, फोन उशाशी घेतला आणि आडवे झाले. त्यांनी आपल्या परीने नियम पाळला होता. सरकार एरवी सांगते तयार राहा, संदेश येईल तेव्हा निघा. ते संदेशाची वाट बघत होते.

रात्री अकराच्या सुमारास आग पायथ्याने पश्चिमेला सरकत असल्याचे रेडिओवर येऊ लागले. काउंटीने नंतर बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेल्या चौकशीच्या अहवालात (सप्टेंबर २०२५) या रात्रीचा एक क्षण नोंदलेला आहे: मध्यरात्रीच्या थोडे आधी अग्निशमन दलाच्या, आगीच्या ठिकाणी असलेल्या माणसाने पायथ्याचा ला कान्याडापर्यंतचा पट्टा रिकामा करण्याचे सुचवले. ती सूचना संदेशापर्यंत पोचली नाही. कोणी नाकारली असेही नाही. ती तोंडी होती, आणि तोंडी सूचना कुणाच्या नावावर चढली नाही.

मध्यरात्र ते तीन. पश्चिमेकडे घरे पेटू लागली. आपत्कालीन क्रमांकावर फोन येत होते. ज्यांना शेजाऱ्याने उठवले ते निघाले. ज्यांना चालता येत नव्हते त्यांनी रुग्णवाहिका मागितली आणि ते थांबले. रुग्णवाहिका येईल असे गृहीत धरणे चूक नव्हते, पण त्या रात्री गाड्या, माणसे आणि रस्ते तिन्ही अपुरे होते.

पहाटे ३:२५. आदेश. पश्चिमेकडच्या फोनवर तो आला तेव्हा काही ठिकाणी तो वाचणाऱ्याच्या गल्लीत घरे जळत होती. पूर्वसूचना म्हणून त्याची किंमत त्या गल्लीत शून्य होती.

एका कृतीकडे जवळून बघू, कारण जीव जातो तो अशाच ठिकाणी. वीज गेलेली, गाडी गॅरेजमध्ये, दार मोटरवर उघडणारे. रिमोट दाबला तर काहीच नाही. मोटरच्या रुळावरून एक लाल दोरी लोंबत असते. ती खाली आणि थोडी मागे ओढली की दार मोटरपासून सुटते. मग दोन्ही हातांनी खालच्या कडेला धरून दार वर लोटायचे. स्प्रिंग चांगली असेल तर दार हलके वाटते. स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असेल तर पन्नास-साठ किलोचे ओझे. अंधारात, धुरात, ऐंशीच्या घरातल्या बाईला हे एकटीने जमेल का? २०१७ च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत ज्येष्ठ माणसे गॅरेजमध्ये अडकून गेली, म्हणून राज्याने १ जुलै २०१९ पासून नव्या मोटरींना बॅटरी सक्तीची केली. जुन्या मोटरी मात्र तशाच आहेत, आणि जुनी घरे, जुन्या मोटरी, जुने मालक हे एकाच गल्लीत सापडतात.

## परिणाम

आग ३१ जानेवारीला पूर्ण आटोक्यात आली. सुमारे १४ हजार एकर जमीन आणि नऊ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मृतांत बहुतेक ज्येष्ठ, अनेकांना चालण्याची अडचण.

पश्चिमेकडच्या हजारो लोकांनी मात्र आदेशाशिवाय जीव वाचवला, आणि हेही नोंदवले पाहिजे. आदेश ३:२५ ला आला आणि लोक ३:२५ ला निघाले, असे झालेले नाही. शेजाऱ्यांच्या थापा, फोन, फेसबुकवरचा तो गट यांनी यंत्रणेचे काम केले. पण या वाटेला एक भोक आहे: जो माणूस कुणाच्या फोन यादीत नाही त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

चौकशी अहवालाने एका माणसावर बोट ठेवले नाही. आदेश द्यायचा अधिकार नेमका कोणाचा हे कागदावर धूसर होते, नियमपुस्तके जुनी आणि एकमेकांशी न जुळणारी, खात्यांच्या संगणकप्रणाली एकमेकींशी न बोलणाऱ्या, माणसे कमी. माझ्या मते यांतले पहिलेच कारण सर्वांत जड. दोघांचा होकार लागत असला की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने सांगितले असेल.

दोन दिवसांनी, ९ जानेवारीला दुपारी चारच्या सुमारास, दुसऱ्याच एका आगीचा इशारा चुकून अख्ख्या काउंटीला, म्हणजे जवळजवळ एक कोटी लोकांना गेला. थोड्या वेळात तो मागे घेतला, पण मनोरे पुन्हा चालू होत गेले तसे चुकीचे संदेश दुसऱ्या दिवशीही वाजत राहिले. ज्यांना हवा होता तेव्हा मिळाला नाही आणि नको होता तेव्हा मिळाला, त्यांतल्या काहींनी फोनमधला इशारा बंदच करून टाकला. पुढच्या वणव्यात हे महागात पडेल.

## निर्णयाचे क्षण, आणि वेगळे काय करता येईल

पहिला क्षण संध्याकाळी साडेसातचा. पूर्वेचा आदेश निघाला तेव्हाच शेजारच्या तुकड्यांवर इशारा टाकायला हवा होता. यासाठी आगीचे ठिकाण कळण्याची गरज नाही, वाऱ्याची दिशा पुरते. हा नियमच करता येतो: आदेश दिलेल्या प्रत्येक तुकड्याला लागून, वाऱ्याच्या दिशेने असलेले तुकडे आपोआप इशाऱ्यात जावेत. त्यांना वगळायचे असेल तर कोणीतरी सही करून वगळावे. त्या रात्री हे उलटे होते: घालायला सही लागत होती, वगळायला लागत नव्हती.

दुसरा क्षण हेलिकॉप्टरे उतरली तो. वरचा डोळा गेला की पद्धत बदलली पाहिजे. खात्रीची वाट न बघता वाऱ्यावरून पट्टे रिकामे करायचे. हे वणवा पेटण्याआधी लिहून ठेवले नाही तर त्या गडबडीत कोणी ठरवत नाही.

तिसरा मध्यरात्रीपूर्वीच्या सूचनेचा. आगीच्या ठिकाणाहून आलेली स्थलांतराची सूचना ऐकणाऱ्याने शब्दशः परत म्हणावी, वेळ लिहावी, ‘पाठवले’ किंवा ‘नाकारले’ हे दहा मिनिटांत कळवावे. विमानवाहतुकीत हे रोजचे आहे.

संदेशाच्या मजकुराबद्दलही एक गोष्ट. चांगल्या संदेशात पाच गोष्टी लागतात: कोण सांगतो आहे, धोका कशाचा, कुठे (तुकड्याच्या संकेतनावाबरोबर चारी बाजूंच्या रस्त्यांची नावे), केव्हापर्यंत निघायचे, कोणत्या रस्त्याने कुठे जायचे. ९ जानेवारीच्या चुकीच्या संदेशाने घबराट उडाली त्यात ठिकाणाचे नाव नसणे हे मोठे कारण. एक कोटी लोकांपैकी प्रत्येकाने तो स्वतःचा मानला.

रहिवाशांच्या बाजूने बदल जास्त बारीक आहेत आणि घरोघरी वेगळे.

आदेशाला निघण्याची खूण मानू नका. स्वतःच्या खुणा आधी ठरवा आणि फ्रिजवर लिहून चिकटवा. उदाहरणार्थ: हवामान सेवेचा वणव्याच्या धोक्याचा लाल इशारा आणि वीज गेली, की गाडी अंगणात उलटी लावायची, म्हणजे तोंड रस्त्याकडे. शेजारच्या तुकड्याला आदेश, की ज्यांना वेळ लागतो ते निघतील. अंगणात राख किंवा ठिणगी पडली, की सगळे. खूण अशी हवी जी डोळ्यांना दिसेल, ‘परिस्थिती बिघडली तर’ अशी नको.

आपल्याला खरोखर किती वेळ लागतो हे एकदा रात्री करून बघा. चाकाची खुर्ची वापरणारा माणूस, औषधे, कुत्रा, गॅरेजचे दार हे सगळे धरून अर्धा-पाऊण तास सहज जातो. दिवसा, उजेडात, सगळे जागे असताना केलेला सराव निम्मीच वेळ दाखवतो.

आवाजाचे बघा. झोपेचा मोड लावलेल्या फोनवर साधा एसएमएस आणि अनोळखी क्रमांकाचा फोन वाजत नाही. आणीबाणीचा संदेश वाजावा म्हणून फोनमध्ये वेगळी सेटिंग असते, ती चालू आहे का ते तपासा. नोंदणीचा संदेश हवा असेल तर राहत्या पत्त्यासह नोंदणी करा, कारण प्रणाली पत्त्यावरून तुकडा ठरवते. सेलवर चालणारा रेडिओ आणि दोन जास्तीचे सेल ठेवा. मनोरा पडल्यावर तेवढेच उरते.

चालू न शकणाऱ्या माणसासाठी रुग्णवाहिका हा पहिला बेत ठेवू नका, दुसरा ठेवा. पहिला बेत म्हणजे नावानिशी दोन शेजारी, त्यांच्याकडे किल्ली, आणि संध्याकाळीच हलवण्याचे ठरलेले. अपंगांसाठीची सार्वजनिक वाहने सहसा आदल्या दिवशी नोंदवावी लागतात, रात्री अकराला ती मिळत नाहीत. घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल तर ते विजेवर चालते हे लक्षात घेऊन वीज जाणे हीच त्या घराची निघण्याची खूण माना.

भारतात राहणाऱ्या ज्या वाचकांची मुले किंवा भावंडे कॅलिफोर्नियात आहेत, त्यांना एक काम करता येण्यासारखे आहे. हिवाळ्यात तिथली पहाट ३:२५ म्हणजे इथली दुपार ४:५५, तिथले रात्रीचे दहा म्हणजे इथले सकाळचे साडेअकरा. ते झोपलेले असतात तेव्हा तुम्ही जागे आणि नेटवर असता. त्यांच्या तुकड्याचे नाव आणि चारी बाजूंचे रस्ते लिहून घ्या, वॉच ड्यूटीवर तो भाग लावून ठेवा, आणि ते तुमचा क्रमांक झोपेच्या मोडमध्येही वाजेल असा ‘आवडत्यां’त टाकतील हे बघा. व्हॉट्सॲपवर ‘सांभाळा’ लिहून उपयोग नाही. फोन लावायचा, उचलेपर्यंत लावायचा, आणि ‘शेजारच्या पट्ट्याला आदेश आला आहे, आईंना घेऊन आत्ता निघा’ एवढेच बोलायचे.